काळ्या किनारीचं पाकीट

एनॉक गेल्याचं अ‍ॅक्रॉइडांच्या घरी मंगळवारी सकाळी कळलं, आणि तेही पत्र न उघडता. पाकिटाला बोटभर रुंद काळी किनार होती, म्हणजे मरणाच्या बातमीची खूण. पोस्टमनने ते देताना टोपी काढली आणि म्हणाला, "व्हिट्बीहून आलंय, बाई." व्हिट्बीला सायलसचा थोरला भाऊ एनॉक बायको गेल्यापासून एकटा राहायचा.

हेस्टर अ‍ॅक्रॉइड पायरीवरच बसली. "गेले गं बाई भाऊजी!" तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. नवरा सायलस आणि मुलगी टॅबिथा गिरणीत गेलेली. तिने पत्र एप्रनच्या खिशात ठेवलं आणि रडायला सुरुवात केली.

रडणं ऐकून शेजारच्या मर्गट्रॉइडबाई आल्या. दुखवट्याचे नियम त्यांना पाद्र्यापेक्षा जास्त पाठ होते.

"सख्खा काका म्हणजे तीन महिने," त्या म्हणाल्या. "लग्न नाही, वाद्यं नाही, रंगीत रिबीन नाही."

"अहो, पण शनिवारी आमच्या टॅबिथाचं लग्न आहे! जेबेझला रेल्वेने घर दिलंय. सोमवारपर्यंत बायको घरात आली नाही तर घर दुसऱ्याला जाणार."

"मेलेल्या माणसाला रेल्वेचं काय? चला, हंडा चढवा. काळ्या रंगाची पुडी मी आणते."

दुपारपर्यंत हंड्यात पडदे गेले, सायलसचे दोन सदरे गेले, टॅबिथाचा लग्नासाठी शिवलेला फिकट करडा पोशाख गेला. शेवटी मर्गट्रॉइडबाईंनी हेस्टरच्या कमरेचा एप्रनही सोडून घेतला आणि आत टाकला.

संध्याकाळी सायलस आला. बातमी ऐकून त्याने टोपी काढली. मग म्हणाला, "पत्र कुठाय?"

हेस्टरचा हात कमरेवर गेला आणि तिथेच राहिला.

काठीने एप्रन वर काढला. खिशातून पत्र निघालं. किनार आता कागदभर झाली होती.

"बाबा, काहीच वाचता येत नाही?" टॅबिथाने विचारलं.

"येतं की. काळं आहे एवढं येतं."

व्हिट्बीला जाऊन येण्याइतकी रजा सायलसला गिरणीतून मिळेना. जेबेझ रोज संध्याकाळी यायचा आणि रोज तेच म्हणायचा, "काकांना विचारता आलं असतं तर ते म्हणाले असते, करा लग्न."

"विचारता येत नाही हीच तर अडचण आहे," मर्गट्रॉइडबाई म्हणायच्या.

गुरुवारी टॅबिथाने रडणं थांबवून बोलणंच बंद केलं. त्याची सगळ्यांना जास्त भीती वाटली. शुक्रवारी सायलस अर्धा दिवस रजा टाकून घरी आला. लग्न पुढे ढकला असं पाद्र्याला सांगायला तो निघणार, तेवढ्यात दार वाजलं. मर्गट्रॉइडबाईंनी उघडलं आणि किंचाळून त्या कोळशाच्या बादलीत बसल्या.

दारात एनॉक होता. काखेत भलंमोठं हॅम, डुकराची खारवलेली अख्खी मांडी. त्याने काळे पडदे पाहिले, काळे कपडे पाहिले, आणि आवाज खाली आणला.

"कोण गेलं रे, सायलस?"

"तू!"

"मला कुणी कळवलं नाही."

"तूच कळवलंस! काळ्या किनारीच्या पत्राने!"

"त्यात मी लिहिलं होतं, शुक्रवारी येतो, हॅम आणतो, घरी वेगळं घेऊ नका." एनॉक हळूच बसला. "मार्था गेली तेव्हा या कागदांची पेटी आणली होती. चांगला कागद आहे. वाया घालवला असता तर तिने मला सोडलं असतं का? दोन वर्षं तेच वापरतोय. कोळसेवाल्याला लिहिलं, तर बिचारा फुलं घेऊन आला."

सायलस हसायला लागला आणि डोळे पुसायला लागला. दोन्ही एकदमच चाललं होतं.

"पण पोरीचा पोशाख!" हेस्टर म्हणाली. "काळ्यात लग्न करायचं?"

"मार्थाने काळ्यातच केलं होतं. पुढेही घालता येतो म्हणाली."

यावर मर्गट्रॉइडबाईंना नियम आठवला नाही. शनिवारी टॅबिथाचं लग्न काळ्या पोशाखात झालं. पोशाखाच्या रंगाने तिची बोटंही काळी झाली होती, आणि जेबेझने ती दिवसभर सोडली नाहीत.

एनॉक परत निघाला तेव्हा हेस्टरने विचारलं, "भाऊजी, एवढे कागद आणले होते कशासाठी?"

"मार्था गेल्यावर लोकांची पत्रं आली होती ना, त्यांना उत्तरं लिहायला."

"मग लिहिलीत?"

एनॉकने टोपी घातली.

पेटीत आता नऊ कागद आहेत. ती उत्तरं अजून लिहायची आहेत.