ओठमास्तर

ओठमास्तरांनी मेडशीत एकाच माणसाची मिशी उतरवली, आणि तो माणूस मी.

आमच्याकडे बाप गेल्याशिवाय कोणी मिशी काढत नाही. सुखदेव न्हाव्यानं वस्तरा टेकवण्याआधी दोनदा विचारलं, "दादा बरे हायेत ना?" मी मान हलवली. दुपारपर्यंत बातमी गावभर झाली आणि गल्लीतल्या चार बाया पदर तोंडाला लावून आमच्या दारात येऊन बसल्या. ओट्यावर माझे वडील तंबाखू मळत होते. त्यांनी त्या बायांनाच विचारलं, "कोन गेलं वं?"

त्यानंतर महिनाभर वडील माझ्याशी बोलले नाहीत. मास्तर मात्र खूश होते. माझ्या वरच्या ओठाकडे पाहून म्हणाले, "आता कसं स्वच्छ वाचता येतं! ओठ म्हणजे अक्षरं. अक्षरांवर गवत वाढवू नये."

त्यांचं खरं नाव महादेवराव. जन्म मेडशीचाच, पण लहानपणीच शिकायला बाहेर पडले आणि दूरच्या एका मोठ्या शहरात मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत मास्तर झाले. मूल ऐकू शकत नसलं तरी त्यानं समोरच्याचे ओठ पाहून समजून घ्यायचं आणि स्वतःच्या तोंडानं बोलायचं, अशी तिथली शिकवण. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. नोकरी संपल्यावर ते भावाच्या वाट्यातल्या दोन खोल्यांत येऊन राहिले. त्यांचं आणि आमचं अंगण एकच.

नोकरी संपली होती, पण हे त्यांच्या तोंडाला कोणी कळवलं नव्हतं. वाटेत भेटले की आधी ते तुमच्याभोवती अर्धी फेरी घालत, सूर्य आपल्या तोंडावर येईस्तोवर. मग डोळे किलकिले करून, ओठ ताणून विचारत, "जे-व-ला-त का?" मला ऐकू येतं हे सांगून उपयोग नव्हता. बैलाला हाकलायचं झालं तरी ते मागून हाकलत नसत. त्याच्या समोर जाऊन सांगत.

गावात जन्मलेल्या या माणसाच्या बोलण्यात 'मले-तुले' औषधालासुद्धा उरलं नव्हतं. माझी बायको अनसूया म्हणायची, "मास्तर बोलतात तं वाटते का पुस्तकच जेवाले आलं." जेवायला ते बहुतेक आमच्याकडेच असत. आमच्या तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन तिच्यापुढे चिमणी धरत आणि ज्योत हलेल असा 'प' म्हणायला शिकवत. "मास्तर, लेकराचं तोंड पोळन ना!" अनसूया ओरडे. मास्तर शांतपणे म्हणत, "पोळत नाही. 'प' पोळत नाही. 'फ' जरा जपून."

पण त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं, "हात खाली! तोंडानं बोला!" वऱ्हाडात माणूस बोलतो तेव्हा अर्धं बोलणं हातांनीच होतं. पाटील चावडीवर भांडत असो, बाया विहिरीवर गाऱ्हाणी सांगत असोत, मास्तर वाटेतच थांबून म्हणत, "हात खाली!" बाया त्यांना पाहिलं की मुद्दाम घागरी खाली ठेवून हातवारे करीत.

एकदा मी त्यांना मालेगावच्या गुरांच्या बाजारात नेलं. मला बैल घ्यायचा होता. तिथं दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून. माझा सौदा जमत आला होता. तेवढ्यात मास्तरांनी उपरणं ओढलं. "काय चाललं आहे हे? हात बाहेर काढा! किंमत तोंडानं सांगा!" दलालाची बोटं माझ्या बोटांत तशीच, सगळ्या बाजारासमोर. "ह्या म्हाताऱ्याले कोन घेऊन आलं बाप्पा?" तो ओरडला. कोणी आणलं ते मी सांगितलं नाही. बैलाशिवाय घरी आलो.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं. अकोल्याहून वाशीमला जाणारी मोटार कोळशावर चालायची आणि आमच्या फाट्यावर थांबली की धूर सोडून निपचित पडायची. एका सकाळी तिच्यातून एक जोडपं उतरलं आणि थेट माझ्या दारात आलं. पुरुष तिशी ओलांडलेला, अंगात धुतलेला कोट. त्यानं मला काहीतरी विचारलं. आवाज मोठा होता, शब्दही असावेत, पण त्यांच्या कडा विरघळलेल्या होत्या. मला काही उमगेना. त्यानं पुन्हा विचारलं. मी उगाच मान हलवली.

मग त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं वरच्या ओठावरून वस्तरा फिरवल्यासारखं बोट फिरवलं, डोळे किलकिले केले आणि तोंड ताणून मुक्यानंच 'जे-व-ला-त का' केलं. चुलीपुढून अनसूया ओरडली, "अवं, ओठमास्तर पायजे त्याईले!"

तो केशव. मास्तरांचा विद्यार्थी, आता अकोल्याच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. बायको यमुना, तीही बहिरी, पण शाळेत कधी न गेलेली. मास्तर आंघोळ अर्धी टाकून आले. केशवच्या खांद्याला धरून त्याला वळवून वळवून पाहत राहिले. मग अंगणात उभे राहून त्यांनी हाकांवर हाका मारल्या. पाटील आले, सुखदेव आला, विहिरीवरच्या बाया आल्या.

"ऐका!" मास्तर म्हणाले. त्यांचं तोंड आनंदानं लाल झालं होतं. "हा जन्मतः बहिरा आहे. आणि हा बो-ल-तो. केशव, बोल!"

केशवनं ओट्यावर उभं राहून एक वाक्य म्हटलं. मागून कोणीतरी विचारलं, "काय म्हनून राह्यला हा?" मास्तर म्हणाले, "पुन्हा." केशवनं पुन्हा म्हटलं. या वेळी विहिरीवरच्या एकीला हसू फुटलं, मग दुसरीला, मग पाटील मिशीत हसले. केशवला हसू ऐकू येत नव्हतं, पण तोंडं वाचायला त्याला मास्तरांनीच शिकवलं होतं. तो एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेला. माझ्याही तोंडाकडे पाहिलं. बोलता बोलता त्याचे हात वर आले, काहीतरी सांगायला.

"हात खाली!" मास्तर म्हणाले.

कोटातला तो मोठा माणूस झटकन ताठ झाला आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे लपवले. मार चुकवणारं पोर लपवतं तसे.

हसणं बंद झालं. यमुना ओट्यावर चढली. तिनं नवऱ्याच्या पाठीमागे जाऊन त्याची मनगटं धरली आणि हात पुढे आणून ठेवले. मग मास्तरांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता असंही म्हणवत नाही. मास्तरांनी मात्र मान खाली घातली. लोक एकेक करून निघून गेले. पाटील जाताना मला हळूच म्हणाले, "आपुन कायले हासलो बे?"

जेवण आमच्याकडेच झालं. चुलीपाशी अनसूया आणि यमुना यांच्या हातांचं जे काही चाललं होतं, त्याला अंत नव्हता. मधूनच दोघी हसत. पिठल्याचं पातेलं घेऊन आलेल्या अनसूयेनं मला बातमी दिली, "तिचा सासरा कंजूस हाये. गुळाच्या ढेपीवर बसून राह्यते." मास्तर मान वर न करता भाकरी कुस्करत होते. दुधात नव्हे, नुसत्याच.

उन्हं कलताना आम्ही त्यांना पोचवायला फाट्यावर गेलो. तोवर केशवचा आवाज माझ्या ओळखीचा झाला होता. शब्द जोडून घेता येत होते. तो मास्तरांपुढे उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, "आम्ही मंडळ काढलं. अकोल्यात. बहिऱ्यांचं. पहिली सभा आहे. तुम्ही या." जरा थांबून म्हणाला, "तिथं सगळे हातांनी बोलतात."

मास्तरांनी हातातल्या छत्रीचं टोक मातीत रुतवलं. मग म्हणाले, "केशव, तिथं मी कोणत्या तोंडानं येऊ?"

केशवनं मास्तरांचे ओठ नीट पाहिले. शाळेत ही बोलण्याची तऱ्हा कोणी शिकवली नसावी. त्यानं मास्तरांच्या तोंडाकडे बोट केलं. "हेच," तो म्हणाला. "दुसरं कुठं आहे?"

मी हसलो नाही. मास्तरही हसले नाहीत.

तेवढ्यात यमुनेनं मास्तरांकडे पाहत केशवला हातांनी काहीतरी विचारलं. केशवनं मोटारीकडे पाहिलं, नंतर सांगतो अशी मान हलवली. पण प्रश्न मास्तरांना कळला होता. त्यांनी छत्री माझ्याकडे दिली, आणि एका मनगटावर दुसरं मनगट आडवं ठेवून दोन्ही हात यमुनेपुढे धरले.

केशवचा चेहरा उतरला. यमुनेनं निरोपाला जोडलेले हात तसेच अर्ध्यावर राहिले. मग ड्रायव्हर ओरडला, माणसं चढली आणि मोटार धुरात निघून गेली.

परतताना मी विचारलं, "मास्तर, ते काय केलं तुमी?"

"तिनं विचारलं, यांचं नाव काय. बहिरी माणसं प्रत्येकाला हातांनी एक नाव ठेवतात. चित्रकलेचे मास्तर पोटानं सुटलेले होते, त्यांचं नाव पोट. स्वैपाकीणबाईंचं नाव नथ." ते चालत राहिले. "माझं हे. बांधलेली मनगटं."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"वर्गात हात हलले की मी फडक्यानं बांधत असे. परदेशात कुठंतरी, माझ्या लहानपणी, मोठमोठ्या शिक्षकांची सभा भरली होती म्हणे. तिथं ठरलं, तोंड चालू, हात बंद. बहिऱ्यांना कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. केशवचे सगळ्यात जास्त वेळा बांधले. तो फार बोलायचा."

"पन मंग त्याईची बोली तुमाले समजते कशी?"

मास्तर थांबले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे तोंड न करता, रस्त्याकडे पाहत उत्तर दिलं.

"वसतिगृहाला खिडकी होती. जेवणं झाली की पोरं कंदिलाभोवती बसत आणि हातांनी गोष्टी सांगत. मी बाहेर उभा राहायचो. आधी पकडायला म्हणून. मग हळूहळू कळायला लागलं. गोष्ट अर्धी राहिली की दुसऱ्या दिवशी पुढची पाहायला जायचो. घरी कोण होतं माझ्याशी बोलायला? कितीदा वाटलं आत जावं. पण मी आत गेलो असतो तर सगळे हात खाली गेले असते."

सभेच्या दिवशी ते जातील असं मला वाटलं नव्हतं. दोनदा फाट्यावर जाऊन परत आले. तिसऱ्यांदा अनसूयेनं त्यांच्या हातात चटणी-भाकरीची शिदोरी कोंबली आणि म्हणाली, "जा ना आता. माह्या मैत्रिणीले सांगा, गुळाचं काय झालं ते कळवजो म्हना." ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारीतून उतरले तेव्हा धुरानं काळेठिक्कर झाले होते. आमच्या ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायले. अनसूयेला राहवेना. "काय झालं मास्तर? बोलले का तुमच्यासंगं?"

"खोली भरली होती," मास्तर म्हणाले. "मी दारात उभा राहिलो. केशवनं सगळ्यांना माझं नाव सांगितलं."

"कोनतं?"

"तेच. नाव काही बदललं नाही त्यांनी." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पण सरकून बसायला जागा दिली."