दांडी उभी, दांडी आडवी

ज्याला बंब पेटवता येतो त्याला जगातली कुठलीही शेगडी पेटवता येते, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणजे, गेल्या डिसेंबरपर्यंत होतं.

झालं असं, की सासू-सासरे सांगलीहून आमच्याकडे जपानात, कावासाकीला आले होते आणि त्यांना बर्फ दाखवायचा होता. ऑफिसातल्या माझ्या सीनियरना, ओगावा-सानना, हे कळलं. नागानोच्या डोंगरात त्यांच्या आईचं घर आहे. आई गेल्यापासून ते रिकामंच. त्यांनी मला किल्ली देऊ केली, पण आधी एका शनिवारी मला तिथे नेऊन शिकवणी घेतली. कारण त्या घरात हीटर नाही. आहे तो लाकूड-कोळशावर चालणारा काळाकुळकुळीत लोखंडी स्टोव्ह, लग्नातल्या कोठीवर बसलेल्या आत्याबाईंसारखा घराच्या मधोमध ठाण मांडून बसलेला.

ओगावा-सान सांगत होते आणि मी माना डोलवत होतो. धुराड्याच्या नळीला एक दांडी. दांडी उभी म्हणजे धुराची वाट मोकळी, आडवी म्हणजे बंद. पेटवताना दांडी उभी. आधी काटक्या, मग लाकूड, लाकडाचे चांगले निखारे झाले की मगच कोळसा, तोही थोडा. खिडकी बोटभर उघडी. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत.

"आणि आत निखारे असताना दांडी पूर्ण आडवी कधीही नाही," ते म्हणाले. "आईचं घर आहे. नीट वापरा."

"हाय, हाय," असं जपानीत 'हो, हो' म्हणत मी कमरेत वाकलो. मनात म्हटलं, आमच्या आजोळी रोज बंब पेटायचा, मला काय सांगता!

वर्षअखेरीच्या सुटीत आम्ही चौघं तिथे पोचलो. मी, बायको सुलेखा, सासूबाई आणि सासरे. सासरे म्हणजे बाळासाहेब, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. मितभाषी माणूस. मला 'अंबरीषराव' म्हणतात आणि लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मी खोलीत आलो की खुर्चीत सावरून बसतात. त्यांना माझी एकच गोष्ट मनापासून आवडते, ती म्हणजे माझा चहा. भाजक्या जपानी चहात दूध, आलं आणि वेलदोडा हा माझा स्वतःचा शोध. रोज सकाळी मी करतो आणि ते एक शब्द न बोलता दोन कप पितात.

पोचल्यापोचल्या मी थंडगार स्टोव्हसमोर उभं राहून सगळ्यांना प्रात्यक्षिक दिलं. दार उघडलं, लावलं, चिमटा फिरवला, दांडी उभी केली, आडवी केली. सासरे हात मागे बांधून, शाखा तपासायला आलेल्या साहेबासारखे पाहत होते. मग मी दांडी उभी करून स्टोव्ह पेटवला. अर्ध्या तासात घर असं उबदार झालं, की सासूबाईंनी मंकी कॅप काढली.

"अंबरीषराव, बसा तुम्ही. आता मी बघतो," सासरे म्हणाले.

मी बसलो, आणि तिथेच सगळं फिसकटलं. लाकूड घालण्यासाठी ते उठले आणि जाताजाता त्यांनी दांडी आडवी करून टाकली.

मला ओगावा-सानचं वाक्य आठवलं. पण सासऱ्यांना सांगायचं कसं, की बाबा, तुमचं चुकतंय? मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो आणि दांडी उभी केली. थोड्या वेळानं बघतो तर परत आडवी. मी पुन्हा उठलो.

"सुलू," मी स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजलो, "तुझे बाबा सारखी दांडी बंद करतायत. त्यांना सांग ना."

"मी? अरे, ते पाहुणे आहेत. चार दिवसांसाठी आलेत. तूच गोड शब्दांत सांग."

"मी जावई आहे. जावयानं सासऱ्याला शिकवलेलं बरं दिसतं का?"

"मग तू आपला गुपचूप उघडत राहा," असा तोडगा काढून ती कांदा चिरायला लागली.

दुपारभर आमचा हा लपंडाव चालला. ते आडवी करत, मी उभी करत होतो. एकदा तर ते दांडीला म्हणाले, "काय गं, सारखी घसरतेस!" मध्ये त्यांनी कोळशाची पाटी जवळजवळ रिकामी केली आणि आत मस्त लालभडक निखारा झाला. बोटभर उघड्या खिडकीतून गार वारा येतोय म्हणून सासूबाईंनी ती लावून घेतली आणि फटीत टॉवेलची गुंडाळी कोंबली. हे मात्र कोणाच्याच लक्षात आलं नाही.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "माझं डोकं चढलंय बाई. पित्त झालंय."

"मलाही मळमळतंय," सुलेखा म्हणाली.

"प्रवासाचं पित्त," सासऱ्यांनी निदान केलं. "माझंही डोकं ठणकतंय."

आता सांगा, एका घरातल्या चारही माणसांना एकाच वेळी पित्त होतं का? पण आम्ही पडलो मराठी माणसं. आमचं डोकं दुखलं की संशयित एकच. सासूबाईंनी पर्समधून आवळासुपारी काढली. चौघांनी चघळली. मी भिंतीला टेकून डोळे मिटले आणि दांडी बघायला उठायचं म्हणता म्हणता उठवेना.

तेवढ्यात भिंतीवरची पांढरी डबी किंचाळायला लागली.

ती डबी कसली ते मला ओगावा-साननी सांगितलं होतं. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास. तो फक्त त्या डबीला कळतो. माझ्या अंगातून भीती अशी सरसरत गेली, की सगळं जावईपण गळून पडलं.

"बाहेर! सगळे बाहेर व्हा!"

सुलेखानं आईला धरलं. सासरे शाल सावरत म्हणाले, "अंबरीषराव, बाहेर बर्फ आहे. आधी चपला..."

"ए, ऊठ! चल!" मी ओरडलो आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना फरफटत अंगणात नेलं. नऊ वर्षांचं 'अहो-जाहो' एका क्षणात बर्फात!

चौघं मोज्यांवर बर्फात उभे होतो. डबी आत बोंबलतच होती. शेजारच्या ताकेई आजींनी तो आवाज ऐकला, आम्हाला पाहिलं आणि एक प्रश्न न विचारता फोन लावला. पाठोपाठ गावच्या अग्निशमन पथकाची लाल गाडी आली. त्या पथकात कोणी सफरचंदाचा बागायतदार, कोणी पोस्टातला. त्यांनी खिडक्या सताड उघडल्या, टॉवेल काढला, दांडी उभी केली, निखारे विझवले आणि आम्हाला दवाखान्यात नेलं. तिथे सगळ्यांना बराच वेळ प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात, आणखी उशीर झाला असता तर कोणी उठलंच नसतं. सासूबाईंनी डॉक्टरांना हात जोडले. मीही जोडले.

दवाखान्यातूनच ओगावा-सानना फोन केला. माफी मागताना फोनवरच इतका वाकलो, की प्राणवायूची नळी नाकातून निघाली. मग त्यांनी विचारलं, "सगळे ठीक आहेत ना?" आणि हळूच म्हणाले, "ती डबी आईनं बसवलेली. घरात कोणी नसतं, तरी दर शरद ऋतूत मी तिची बॅटरी बदलतो. लोक हसतात."

न पाहिलेल्या त्या माऊलीचे मी मनातल्या मनात पाय धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठाईचे खोके घेऊन आम्ही पथकातल्या प्रत्येकाच्या दारात वाकून आलो. येताना गाडी त्यांनीच दिलेल्या मुळ्यांनी, सफरचंदांनी आणि लोणच्यांनी भरली होती. ताकेई आजींनी तर सासूबाईंना स्वतःची लोकरीची टोपी घातली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या. माणसं अशी भेटतात, आणि आपण त्यांना मिठाईच्या खोक्यापलीकडे काही देऊ शकत नाही.

घरी आल्यावर स्टोव्हसमोर मी आणि सासरे दोघंच उरलो. मी बळ एकवटलं.

"बाबा, काल मी तुम्हाला अरे-तुरे केलं..."

"जीव वाचवलात. त्याचं काय एवढं!"

"पण एक सांगतो. दांडी उभीच ठेवायची. तुम्ही सारखी आडवी करत होतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मी करत होतो? अहो, प्रात्यक्षिकात तुम्हीच शेवटी आडवी केलीत. मला वाटलं, तशीच ठेवायची असते. पेटवताना उभी, मग आडवी. माझ्या मनात आलंही, की मग धूर जाणार कुठून? पण तुम्ही शिकून आलेले. जावयाला कसं विचारायचं?"

"आणि मी म्हटलं, सासऱ्यांना कसं सांगायचं!"

एकमेकांचा मान राखता राखता आम्ही चार माणसं मारणार होतो. मग सासरे पहिल्यांदाच माझ्यासमोर पोट धरून हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. माझेही भरून आले.

"अंबरीषराव, आजपासून ठरलं. एकमेकांपासून काही लपवायचं नाही. जे असेल ते तोंडावर."

"ठरलं, बाबा," मी म्हटलं. छातीवरचं ओझं उतरलं. काय मोकळा माणूस आहे हा! त्या आनंदात मी उठलो. "थांबा, याच गोष्टीवर माझा स्पेशल चहा करतो."

सासऱ्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"आता ठरलंच आहे," ते अतिशय प्रेमानं म्हणाले, "तर चहापासूनच सुरुवात करू या."