पासवर्ड फोनवर मिळणार नाही

मी जाधवमामांच्या घरचं नीट चाललेलं इंटरनेट बंद पाडलं. कुणी सांगितलं नव्हतं. शनिवार होता, मी रिकामा होतो, आणि कॉम्प्युटरमधलं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती.

जाधवमामा माझे घरमालक. म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या त्या घरात खाली ते एकटे, वर मी. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आले ते इथलेच झाले, त्यामुळे मामांच्या मराठीत मधूनमधून कन्नड डोकावतंच. हूटगळ्ळीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच उद्योग लावून घेतला होता: वायफायचा पासवर्ड रोज बदलणं. इंटरनेट त्यांचं, वापरणारे मी आणि शेजारपाजारचे. सकाळी मामा जे खातील तो त्या दिवसाचा पासवर्ड, इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून. नुसत्या इडलीला अक्षरं कमी पडत, म्हणून चटणी वाटावीच लागे. उप्पिटाच्या दिवशी वर केळं.

पासवर्ड फोनवर मिळत नसे. "फोनवर नको अप्पा, जगलीवर ये." जगली म्हणजे घरापुढचा ओटा. तिथं जाऊन आधी विचारायचं, "मामा, तिंडी आयिता?" न्याहारी झाली का? मग रवा कसा भाजला, मिरची कशी दगाबाज निघाली, हे सगळं ऐकायचं. पासवर्ड सगळ्यात शेवटी. शेजारच्या शकूताई घरी नवऱ्याचं ऑफिसचं काम खोळंबलेलं असताना इथं डोशाच्या जाळीची चौकशी करत उभ्या असत.

माझ्या सकाळच्या मीटिंगा या जाळीत अडकायच्या. म्हणून म्हटलं, "मामा, हा राउटर म्हातारा झाला. माझा एक जुना कॉम्प्युटर पडलाय, त्यावर राउटरची झकास सिस्टिम टाकतो."

"सुम्ने कशाला?" मामा म्हणाले. म्हणजे, उगाच कशाला.

मी कसला ऐकतोय! पेनड्राइव्ह लावला, सिस्टिम टाकली. तिनं नवा पासवर्ड ठरवायला सांगितला, ठरवला. मशीन पुन्हा सुरू केलं, तोच पासवर्ड टाकला. चूक. सावकाश टाकला. चूक. कॅप्स लॉक बघितला, कीबोर्ड बदलला, एका बोटानं टाकला. चूक. सगळं पुसून सिस्टिम पुन्हा टाकली आणि पासवर्ड इतका सोपा ठेवला की कुणी बघितला असता तर लाज वाटली असती. तरी चूक.

तोवर मामांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. फाटकापर्यंत जायचं, कडी वाजवायची, परत यायचं.

"झालं?"

"होतंय."

"आता?"

"मामा, बसा ना जरा."

"आज कोणच आलं नाही रे."

"इंटरनेटच नाही तर कोण येईल? सगळे मोबाइलवर भागवतायत."

मामा पुन्हा फाटकाकडे.

दुपार कलली तेव्हा वैतागून मी सिस्टिमचा मूळचा, सगळ्या जगाला माहीत असलेला पासवर्ड टाकला. दार उघडलं! तेव्हा डोक्यात उजेड पडला. पेनड्राइव्ह मी काढलाच नव्हता. मशीन दर वेळी त्याच्यावरूनच सुरू होत होतं. कुलूप बदललं होतं नव्या घराचं, आणि दिवसभर मी किल्ली फिरवत होतो जुन्याच्या दारात.

पेनड्राइव्ह उपटला. सगळं सुरळीत सुरू झालं. मी छाती फुगवून म्हटलं, "मामा, आता प्रत्येकाचा फोन एकदाच जोडायचा. पुन्हा कुणी पासवर्ड विचारायला यायला नको!"

"यायला नको?"

"कध्धीच नको."

मामा आत गेले आणि झाकलेली ताटली घेऊन आले. सकाळची अक्कीरोट्टी, तांदळाच्या पिठाची. कडक झालेली, न मोडलेली.

"तुझी मामी गेल्यावर मी सकाळी नुसत्या कॉफीवर असायचो," ते रोट्टीकडे बघत म्हणाले. "एकट्यासाठी कोण तवा ठेवतं? मग हे काढलं. कोणतरी विचारणार म्हटल्यावर करावं लागतं, खावं पण लागतं. आज कोण विचारलं नाही. राहिलं. अष्टे, एवढंच."

मी मशीनकडे वळलो. उगाचच बरीच बटणं दाबली.

तेवढ्यात शकूताई फाटकातून ओरडल्या, "काय मामा, झालं का सुरू?"

"झालं," मीच म्हणालो. "पण ही सिस्टिम फार कडक आहे, ताई. रोज नवा पासवर्ड लागणार. मामांनाच विचारावा लागेल, इथं येऊन."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग रोट्टीचा तुकडा मोडला आणि खाल्ला.

शकूताई कमरेवर हात ठेवून उभ्या. "म्हणजे दिवसभर आमचं इंटरनेट घालवून हा परत तिथंच आला? मामा, खरं सांगा, ह्याला कुठं नोकरी आहे, का आपल्याला सुम्ने सांगतो?"