सडकेचं माहेर

आमच्या वस्तीत सडक दुपारची येत असे आणि दिवेलागणीच्या आत परत जात असे. ती नाल्यापलीकडच्या मोहर कॉलनीची. सकाळी साहेबलोकांच्या गाड्या निघून गेल्या की तिला संध्याकाळपर्यंत काम नसायचं. ऊन खात पडून राहायची बिचारी. आमच्या कुंभारटेकाला सडक नव्हती. म्हणजे मंजूर होती, आलेली नव्हती.

हे पहिल्यांदा शेवंताच्या ध्यानात आलं. शेवंता आमच्या बचत गटाची अध्यक्ष. आधी ती कॉलनीत धुणीभांडी करायची. मग तिने आणि रझियाबीने मिळून वस्तीतल्या बायका जमवल्या. कुणाचा नवरा घरी बसलेला, कुणाचा निघून गेलेला, कुणी धडधाकट असून काम न मिळालेली. सगळ्या एका पत्र्याच्या शेडखाली भाकऱ्या थापायला बसल्या आणि सूतगिरणीत दुपारचं जेवण पुरवायचं काम त्यांना मिळालं. वस्तीतल्या पुष्कळ चुली त्या एका शेडवर पेटायला लागल्या.

जेवणाला कुणी नाव ठेवलं नाही. भांडण होतं ते वरणाचं. आमच्या गल्लीत बारमाही चिखल. हातगाडी त्यातून हिंदकळत बाहेर पडेपर्यंत निम्मं वरण गल्लीच पिऊन टाकायची. गिरणीचा सुपरवायझर भला माणूस होता, पण भुकेल्या कामगारांना तोंड त्यालाच द्यावं लागायचं. तो म्हणाला, "बाई, मला पातेलंभर वरण पाहिजे, पातेल्याला लागलेलं नको. असंच चाललं तर मी दुसरीकडे बघतो."

तेव्हा शेवंता कॉलनीत गेली आणि सडकेलाच विचारून आली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"बरं म्हणाली, आबा. तशी कमी बोलते."

दुसऱ्या दिवशी सडक आली. सतरंजीसारखी स्वतःला गुंडाळून घेतलेली, नाल्यावर जरा थबकली, मग अंग लांब करून अलीकडे उतरली. गल्लीच्या तोंडाशी येऊन हळूच उलगडली ती थेट शेडपर्यंत. काळीभोर, गुळगुळीत, मधे पांढरी रेघ. पोरं अनवाणी तिच्यावर लोळली. आमची कोंबडी आधी एक पाय ठेवून बघून गेली, मग सगळं खानदान घेऊन आली. हातगाडी निघाली तेव्हा वरण हललंसुद्धा नाही. रझियाबी पातेल्यात बघत बघत चालली होती. म्हणाली, "शेवंते, यात माझं तोंड दिसतंय गं."

पुढे आमच्या बायकांचं चुकलं. संध्याकाळी सडक निघाली, आणि बाईमाणूस दारात येऊन रिकामी परत गेली असं आमच्यात होत नाही. त्यांनी सवयीने तिची ओटी भरली. गुंडाळीच्या घडीत खण, नारळ, ओंजळभर तांदूळ. रझियाबीने शेवया घातल्या. हळदीकुंकू कुठे लावायचं यावर थोडी चर्चा झाली, ते पांढऱ्या रेघेच्या टोकाला लावलं. सडक गेली आणि शेवंता कपाळाला हात लावून बसली.

"आबा, मी तिला कामाला बोलावलं होतं. आता ती लेक झाली."

"झाली तर झाली," मी म्हणालो.

"असं कसं झाली? लेकीला बाप लागतो."

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मला पांढऱ्या मिशा होत्या आणि वेळ मोकळा होता. अशा रीतीने मी सडकेचा बाप झालो. मला मूलबाळ नाही, त्यामुळे पहिले काही दिवस जरा अवघड गेलं. मग सवय झाली. उन्हाने तिचं डांबर मऊ पडायचं, तेव्हा मी तिच्यावर पाणी शिंपडायचो. संध्याकाळी नाल्यापर्यंत पोचवायला जायचो. ती माझ्या चालीने चालायची. मी खोकायला थांबलो की तीही थांबायची.

नागपंचमीला ती न बोलावता सकाळीच आली आणि दिवसभर राहिली. माहेरवाशिणीचा हक्कच तो. पण त्या दिवशी कॉलनीतल्या गाड्या फाटकातच रुतून बसल्या. संध्याकाळी कॉलनीचे सेक्रेटरी टिपरे साहेब आले. बरोबर त्यांच्या बायको विजयाबाई आणि पालिकेचे ओव्हरसियर घुगे.

"आमची सडक तुम्ही विनापरवानगी वापरता," टिपरे साहेब म्हणाले.

"वापरत नाही, साहेब. ती माहेरी येते," शेवंता म्हणाली. "आम्ही ओटी भरलीय."

टिपरे साहेब काही बोलणार, तेवढ्यात विजयाबाईंनी त्यांचा दंड धरला. "ओटी भरली? अहो, मग आपण सासरचे झालो. तुम्ही असे चपला घालून काय उभे राहिलात?"

टिपरे साहेबांनी चपला काढल्या. चिखल थंड होता. त्यांनी घुग्यांकडे बघितलं. घुगे विचार करून म्हणाले, "सडकेला माहेर असावं असा नियम नाही. असू नये असाही नाही."

चहा झाला. टिपरे साहेबांना दोन खाऱ्या दिल्या. मान घेतला त्यांनी, पण जाताना म्हणाले, "आम्ही आमची सून पाठवणार नाही." आणि सासरची माणसं करतात तसंच केलं. दुसऱ्या दिवसापासून कुणी गाडी घेऊन कामावर गेलं नाही, सगळे रिक्षाने गेले. गाड्या दिवसभर सडकेच्या अंगावर उभ्या. तिला उठताच येईना.

पुन्हा चिखल, पुन्हा हातगाडी. बायकांनी पातेली डोक्यावर नेऊन बघितली, त्यात रझियाबी घसरली आणि वरणाने न्हाली. सुपरवायझर म्हणाला, "बाई, सोमवारपर्यंत बघतो. मग माझ्या हातात नाही." त्या रात्री शेडखाली कुणी हसलं नाही. शेवंता परात पालथी घालून तिच्यावर बसली होती. "काम गेलं तर या परत कॉलनीत भांडी घासायला जातील," ती म्हणाली. "घासायला लाज नाही, आबा. पण आता त्यांना बसून भाकरी थापायची सवय झालीय."

मी नाल्यापर्यंत जाऊन आलो. पलीकडे गाड्यांची टपं दिसत होती. लेक दिसली नाही.

रविवारी सकाळी विजयाबाई एकट्याच चिखल तुडवत आल्या. साडी वर खोचलेली, चेहरा फुललेला.

"शेवंता, बस खाली. तुझ्या लेकीला दिवस गेलेत."

झालं होतं ते असं. सडकेच्या मधोमध उंचवटा आला होता. कॉलनीतल्या लोकांना वाटलं, पालिकेने न सांगता स्पीडब्रेकर टाकला. दोन अर्जही गेले होते. पण सडक खडी खायला लागली, आणि बांधकामावरची बारीक वाळू दिसली की तिकडे सरकायला लागली, तेव्हा विजयाबाईंनी ओळखलं.

"डोहाळे आहेत," रझियाबी म्हणाली. "मुलगी होणार. मुलगा असता तर विटा मागितल्या असत्या."

"पहिलटकरीण," शेवंता सावकाश म्हणाली.

"म्हणून तर आले," विजयाबाई म्हणाल्या. "पहिलं बाळंतपण माहेरी. यांना मी सांगितलंय, गाड्या काढा, नाहीतर स्वयंपाक तुम्ही करा."

रविवारी दुपारीच कॉलनीने गाड्या काढल्या. सडक जडपणे आली, वाटेत दोनदा टेकली. सोमवारी वरण वेळेवर आणि भरून गेलं. सुपरवायझरने पातेल्यात वाकून बघितलं आणि आपला भांग नीट केला.

बाळंतपणापर्यंत सडक आमच्याकडेच राहिली. तोवर कॉलनीतली माणसं बूट हातात घेऊन जायची, पाय नाल्यावर धुवायची. काहींची आमच्या बायकांशी ओळख झाली. एक बँकवाले साहेब तर म्हणाले की चिखलात पाय कसा टाकायचा ते कुणी शिकवेल का. शेवंताने त्यांना अंगठा आधी रोवायला शिकवलं.

बाळंतपण सुखरूप झालं. छोटीशी सडक, पाटाएवढी, ओलसर, डांबराचा ताजा वास. बायकांनी शेक दिला. घुगे नोंद करायला आले.

"बापाचं नाव?"

सगळ्यांनी सडकेकडे बघितलं. सडकेने अंग चोरलं. विजयाबाईंनी घसा साफ केला. "आमचं फाटक. लोखंडी. स्वभावाने सरळ आहे हो, फक्त जागचं हलत नाही."

घुग्यांनी तसं लिहिलं. आम्हाला नंतर पटलंच. बाळ रात्र झाली की मिटून घ्यायचं आणि पहाटे करकरत उघडायचं. बापावर गेलेलं.

बारशाला कॉलनी झाडून आली. पाळण्याला दोर्‍या कमी पडल्या, तेव्हा टिपरे साहेबांनी गाडी ओढायचा दोर दिला. नाव ठेवलं चिमणी. पालिकेने सुचवलेलं नाव लांबलचक होतं, ते बाळाच्या अंगावर मावलं नसतं.

सव्वा महिना झाल्यावर सासरची माणसं न्यायला आली. सडक जायला तयार होती, घरी फाटक एकटं होतं. पण रझियाबी आडवी आली.

"बाळंतिणीला न्या. तान्ह्या बाळाला नाला ओलांडू देत नाहीत."

"मग कधी न्यायचं?" टिपरे साहेबांनी विचारलं.

"रांगून झालं, पावलं टाकायला लागली की न्या. आमची कुठे ना आहे."

हे सगळ्यांना रीतीचं वाटलं. सडक सासरी गेली. रोज दुपारी बाळाला पाजायला येते, तेवढ्यात पातेली गिरणीत पोचतात, आणि दिवेलागणीच्या आत मी तिला नाल्यापर्यंत सोडून येतो.

चिमणी रांगायला लागली. आधी रझियाबीच्या दारापर्यंत गेली, मग नळापर्यंत. पुढे उताराला लागली ती थांबेना. जिथे जाते तिथे मागचंही सोडत नाही, अंगाने भरत जाते. आता तिचं एक टोक शेडला आहे आणि दुसरं सूतगिरणीच्या दाराशी. मागच्या आठवड्यात दवाखान्याकडे वळली. मी तिच्या कडेने काठी टेकत हिंडतो. आजोबाला दुसरं काम काय असतं.

टिपरे साहेब अधूनमधून येतात. विजयाबाईंनी शिवलेलं झबलं आणतात, दर वेळी आधीच्याहून लांब. परवा आले, बूट काढून चिमणीच्या कडेला बसले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"चालायला लागली का?" त्यांनी विचारलं.

शेवंता हातगाडी ढकलत चालली होती. वरण हलत नव्हतं. "नाही हो, साहेब," ती न थांबता म्हणाली. "अजून रांगतेय."

"असू दे," टिपरे साहेब म्हणाले. "काही मुलं उशिरा चालतात."