पहिला सांगणारा

डहाणू रोडच्या कॉलेजात तासिकेवर शिकवणाऱ्या प्रविणने स्टाफरूममध्ये टेबल थोपटलं. "मार्चपर्यंत पीएचडीचं शेवटचं प्रकरण देतो! नाही दिलं, तर लोकांची कौलं चढवायला जाईन!"

विषय होता शहरी दंतकथा. मार्गदर्शक दक्षाबेनची अट एकच. "पहिला सांगणारा सापडला, की ती दंतकथा नाही. प्रकरण बाद!"

नोव्हेंबरपासून तालुक्याची जमीन ताप भरलेल्या म्हशीसारखी अंग थरथरवत होती. कथा उगवायला याहून चांगला हंगाम कुठला? प्रविण रजिस्टर घेऊन उधव्याच्या पाड्यावर पोचला. पहिलं घर गंगीचं. मोलमजुरीची बाई, नव्या कौलांचं घर.

"मावशी, नाव सांगा."

"नाव कशाला, सर?"

"नुसतं अभ्यासाला!"

नुसतं! त्या पाड्यावर आजवर जो नाव लिहायला आला, त्याच्यामागून काहीतरी आलंच होतं: कधी धरण, कधी रस्ता, कधी नोटीस.

"येत्या अमावास्येला मोठा धक्का बसणार, असं काही कानावर आलंय?" अमावास्या त्याने आदल्या दिवशी चहा पिताना नमुन्यादाखल आपल्याच मनाने प्रश्नात घातली होती.

"नाय बा," गंगी म्हणाली, आणि छपराकडे बघत राहिली.

आठ दिवसांत डहाणू रोडला कथेचा वणवा! लॉजवाला मनिष कुजबुजला, "सर, अमावास्येला डोंगर फुटणार. मोठा साहेब नावं लिहून गेलाय."

प्रविणच्या अंगावर आनंदाने काटा आला. "कोणी सांगितलं?"

"भाजीवाल्या पुष्पाने."

पुष्पाला सांगितलं होतं रिक्षावाल्या तुषारने. धाग्याला धागा! प्रविणने रंगीत पेनांनी नकाशा काढला, एकेचाळीस सांगणारे मोजले, आणि दक्षाबेनना फोनही केला. "बेन, कथेला बाप नाही! ती निघाली ते गाव सापडलं, की प्रकरण तुमच्या टेबलावर."

अमावास्या आली नि गेली. एवढे दिवस हलणारी धरणी त्या दिवशी मेली हललीसुद्धा नाही! दुसऱ्या दिवशी तुषारनेच, जिथे स्वतः ती कथा ऐकली होती तिथे, त्याला रिक्षातून नेऊन सोडलं. गंगीच्या दारात.

घराला छप्पर नव्हतं. पोरांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून तिने सगळी कौलं हाताने उतरवली होती. अंगणात ती कौलं रवंथ करणाऱ्या गुरांसारखी बसली होती, निम्मी फुटकी.

"भरपाईच्या पंचनाम्याला सरकारी लोक आलेले," गंगी म्हणाली. "बोलले, भूकंपाने पाडलेली दाखव. हाताने उतरवलेली कागदात बसत नाय."

"पण मावशी, तुम्हाला हे अमावास्येचं सांगितलं कोणी?"

गंगीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं उंदराने खाल्लेल्या बियाण्याकडे पाहावं.

"कोणी म्हंजे? तुमीच ना! नावसुद्धा लिवलंत."

खिशात दक्षाबेनचा फोन वाजत राहिला. प्रविणने रजिस्टर मिटलं आणि शिडी मागितली.

दुपारपर्यंत त्याने वीस कौलं चढवली आणि पायाखाली सात फोडली. वाटेने शेजारची रखमी चालली होती. तिने मान वर केली.

"कोण गं तो वर?"

गंगीने पुढचं कौल वर दिलं.

"भूकंप."