साहेबांपेक्षा उंच

रेकॉर्डरूम सांभाळणाऱ्या कारकुनाला, म्हणजे शिडीला, आज काहीही करून लग्नाचं विचारायचं होतं. जिला विचारायचं, त्या आवक-जावक बघणाऱ्या बाईची बदली झाली होती. उद्यापासून ती दुसऱ्या शाखेत. पण शिडी सव्वासहा फूट, आणि ती पाच फुटांना दोन बोटं कमी. तीन वर्षांत त्याने तिचा भांग पाहिला आणि तिने त्याच्या शर्टाचं दुसरं बटण. एवढ्या उंचावरून मनातलं बोलायचं म्हणजे गच्चीवरून हाक मारल्यासारखं, सगळ्या गल्लीला ऐकू जाणार! अख्खं ऑफिस त्याला 'शिडीभाऊ' म्हणे. ती मात्र नुसतं 'अहो' म्हणायची. तेवढ्यावर बिचाऱ्याची आशा तगून होती.

तीन वाजता साहेबांनी मीटिंग लावली. साहेब म्हणजे बडं प्रस्थ! दारातून आत आले की खोलीतला उजेड कमी व्हायचा. किडकिडीत माणसाचं त्यांनी आजवर कधी ऐकून घेतलं नव्हतं. त्यात हेडक्लार्कचा कडक नियम : साहेबांपेक्षा उंच कुणी दिसता कामा नये. त्यापायी शिडीला पोक आलं होतं.

साहेब नव्या खुर्चीत विराजमान झाले. खुर्ची 'सुस्स' करून चार बोटं खाली गेली.

"हं, वाचा."

हेडक्लार्क चार बोटं खाली सरकला आणि त्याने शिडीला आणि तिला डोळ्यांनी दटावलं. तेही सरकले. पुन्हा सुस्स. पुन्हा सगळे. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, पंखा पेंगत होता, हेडक्लार्क मागच्या सभेचं इतिवृत्त अंगाई म्हटल्यासारखं वाचत होता, आणि झोपेत शिरावं तशी मीटिंग अलगद खाली चालली होती.

"साहेब, खुर्ची बदलू का?" तिने विचारलं.

"खुर्चीला काय धाड भरलीय?" टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून साहेब गरजले.

तेवढ्यात खुर्चीचा दांडा कटकन मोडला आणि साहेब दिसेनासे झाले.

"बघताय काय? खाली!" हेडक्लार्क ओरडला.

सगळे टेबलाखाली.

"पुढचा विषय घ्या," साहेब म्हणाले.

शिडी अंगाची घडी घालून बसला. मान वर केली, तर अगदी नाकासमोर तिचा चेहरा! उजव्या भुवईपाशी एक तीळ. तीन वर्षं हा तीळ इथेच होता आणि आपल्याला पत्ताच नाही!

"अहो," ती कुजबुजली, "तुमचे डोळे घारे आहेत होय?"

शिडीला गलबलून आलं. "माझ्याशी लग्न कराल?"

"हळू! साहेब ऐकतायत."

"मी काही ऐकत नाहीये," पलीकडून आवाज आला. "मी खुर्चीत बसलोय."

"मग हो," ती म्हणाली.

हेडक्लार्कने पुढचा विषय वाचून संपवला. मग साहेब एकदम बारीक आवाजात म्हणाले, "अहो, कुणीतरी उठा आणि मला हात द्या हो."

"तुमच्या आधी कसं उठायचं, साहेब?" हेडक्लार्क कळवळून म्हणाला.

त्या दोघांना मात्र उठायची मुळीच घाई नव्हती.