यादीत नसलेला चौदावा

विल्फ एंटविसलच्या थोरल्या मुलीचं, मॉरीनचं लग्न झालं आणि पाद्र्यासमोर नवरदेव एका पायात काळा, एका पायात तपकिरी बूट घालून उभा राहिला, ते साल १९५६. त्या लग्नानंतर पंधराच दिवसांनी विल्फनं बिऱ्हाड गुंडाळलं आणि लँकशर सोडून डोंगरापलीकडे यॉर्कशरात, स्केलबेक नावाच्या खाणगावात, तो तिथल्या रग्बी क्लबाचा नवा वस्ताद म्हणून रुजू झाला. लँकशरच्या माणसानं यॉर्कशरात भाकरी शोधायची म्हणजे वैऱ्याच्या दारात जेवायला बसणं. पण तीन क्लबांनी नारळ दिल्यावर माणूस ताट कुणाचं ते बघत नाही.

अध्यक्ष ब्रॅमली खाटकाचा धंदा करायचे. बोलताना त्यांचा हात सुरा धरल्यासारखा हलायचा.

"ईस्टरपर्यंत बघू. खालून पाचात राहिलात तर घर रिकामं करायचं. घर क्लबाचं आहे."

विल्फची बायको ऑलिव्ह तेव्हा त्याच घरात स्टुलावर चढून पडदे लावत होती. तिनं वरूनच सांगितलं, "हे माझं चौथं स्वयंपाकघर, विल्फ. पाचवं मी बघणार नाही. तू जा माझ्या भावाच्या दुकानात, मासे तळ जा. मी इथेच राहीन."

विल्फ कामाला पक्का होता. कोण डाव्या खांद्यानं धडक देतो, कोण दमला की कंबरेवर हात ठेवतो, हे त्याला एका नजरेत कळे. खोट एकच होती. त्याला नावं लक्षात राहत नसत, आणि दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटे. म्हणून तो सगळ्यांनाच "पोरा" म्हणे. कप्तान क्लिफला चार लेकरं होती आणि डोक्यावर केस नव्हते. तोही पोराच.

सप्टेंबर बरा गेला. एक गोष्ट मात्र विल्फला कळत नव्हती. समोरच्या संघाचा गडी चेंडू काखेत घेऊन स्केलबेकच्या डाव्या अंगानं धावत आला, की मध्येच त्याचे पाय जड व्हायचे. तो मागं वळून बघायचा आणि पडायचा. जवळपास कुणी नसायचं. विल्फनं चिखलाला श्रेय दिलं आणि गप्प बसला. फुकट मिळालेल्या गोष्टीची चौकशी करू नये, असं त्याची आई म्हणायची.

ऑक्टोबरात काल्डरवर्थशी सामना होता. सकाळपासून पाऊस लागलेला. मध्यंतराला सगळे खोलीत आले ते मातीच्या पुतळ्यांसारखे. नंबर दिसेनात, चेहरे दिसेनात. संघ सात गुणांनी मागं होता. सेथ हर्डकासल, म्हणजे बादली आणि स्पंज घेऊन मैदानात धावणारा म्हातारा, सगळ्यांना चहाचे मग देत होता. विल्फनं एकेकाला झोडपायला सुरुवात केली आणि झोडपत झोडपत बाकाच्या टोकाला पोचला. तिथं शेवटच्या खुंटीखाली एक जण मान घालून बसला होता. त्याच्या हातात मगही नव्हता.

"आणि तू रे पोरा! डाव्या बाजूला काय शेवाळ धरायला उभा आहेस? दोनदा माणूस तुझ्या अंगावरून गेला. माझी सासू बरी पकड करते, आणि तिचा एक गुडघा कामातून गेलाय!"

कुणी हसलं नाही. चहा पिणारे होते ते थांबले. सेथचा पाय लागून बादली कलंडली आणि पाणी खोलीभर पसरलं, पण उचलायला कुणी वाकलं नाही. टोकाचा माणूस हळूच उठला. विल्फच्या जवळून तो गेला तेव्हा तळघराचं दार उघडल्यासारखा गारवा आला. दारातून तो बाहेर पावसात गेला. ओल्या जमिनीवर सगळ्यांच्या बुटांचे ठसे होते. त्याचा एकही नव्हता.

दुसऱ्या अर्ध्या खेळात स्केलबेकला काल्डरवर्थनं डाव्या बाजूनं धुतलं. सगळे गडी अंघोळीच्या मोठ्या हौदात उतरले, तेव्हा विल्फनं सेथला बाजूला घेतलं.

"तो टोकाला बसणारा कुठाय? कोण आहे तो?"

"ईनॉक लम," सेथ म्हणाला.

"मग हौदात का नाही आला?"

"आज नाही यायचा. तुम्ही त्याला बोललात. चोवीस वर्षांत त्याला कुणी बोललं नव्हतं." सेथनं स्पंज पिळला. "तो मेलाय, वस्ताद. बत्तीस साली."

"मेलाय? दुसऱ्या हाफात तर सगळेच मेल्यासारखे खेळले!"

सेथनं स्पंज बादलीत टाकला. "दर शनिवारी येतो. हौदात तेराऐवजी चौदा डोकी असतात. आम्ही मोजत नाही, एवढंच. थोडं सरकून बसतो."

"आणि हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही कुणाचंच नाव विचारलं नाहीत."

विल्फनं ठरवलं, गावाला वेड लागलंय. तो चिवट माणूस होता. त्यानं डावीकडे दोन गडी ठेवले, तर उजवीकडून भोक पडलं. तीन ठेवले, तर मधून. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, सलग आठ सामने हातचे गेले. शेवटच्या खुंटीखालची फरशी कायम ओली असायची, ती आता कोरडी ठणठणीत झाली. हौदातलं पाणी वर्षानुवर्षं कोमट असायचं, ते आता असं कढत झालं की पायाचं बोट बुडवताना क्लिफसारखा गडी ओरडायचा.

"पहिल्यांदाच पाणी गरम आहे," क्लिफ उदास होऊन म्हणाला. "मला नाही आवडत."

फेब्रुवारीत ब्रॅमलींनी विल्फला दुकानात बोलावलं. खालून तिसरा नंबर होता.

"माफी मागा," ते सॉसेज वळत म्हणाले.

"कुणाची? हवेची?"

"हे बघा एंटविसल, क्लब भुतांवर चालत नाही हे मलाही कळतं. पण रुसलेल्या भुतावर तर मुळीच चालत नाही. त्याच्या बायकोकडे जा. पुलापलीकडे, हिरवं दार."

विल्फ गेला. दार उघडलं ते पन्नाशी उलटलेल्या, बाह्या वर केलेल्या बाईनं. क्लॅरिस लम.

"मिसेस लम, मी क्लबातून आलोय..."

"कळलं. तुम्हीच ते." तिनं त्याला नखशिखांत न्याहाळलं. "आत या आणि बघा काय करून ठेवलंय ते."

शेगडीत निखारे होते, तरी खोलीत श्वासाची वाफ दिसत होती. शेगडीजवळ एक खुर्ची होती. तिच्यावर आणि तिच्याखाली वर्तमानपत्रं अंथरलेली. खुर्ची रिकामी होती. पण वर्तमानपत्र मधोमध खोलगट दबलेलं होतं, आणि विल्फ बघत होता तोवर कडेनं चिखलाचा एक थेंब ओघळला आणि खालच्या कागदावर टप्पकन पडला.

विल्फनं टोपी काढली. इतके महिने घट्ट धरून ठेवलेलं शहाणपण त्या थेंबाबरोबर खाली पडलं.

"ऑक्टोबरपासून असा बसलाय," क्लॅरिस म्हणाली. "चोवीस वर्षं दर शनिवारी दुपार माझी होती. मी आणि माझी बहीण सिनेमाला जायचो. आता गेले तर परत येईपर्यंत शेगडी विझलेली. कागद बदलून बदलून माझी कंबर मोडली. घेऊन जा त्याला!"

विल्फ खुर्चीकडे वळला. घसा साफ केला. "पोरा... म्हणजे, ईनॉक... माझं चुकलं बाबा. सासूचं तर फारच चुकलं."

कागद जरासुद्धा हलला नाही. खोली आणखी गार झाली.

"माफीनं भागायचं नाही," क्लॅरिस म्हणाली. "एकोणतीस साली मी त्याच्या खोकण्यावरून एक शब्द बोलले. माफी मागितली, पाय धरायचे बाकी ठेवले. तरी जूनपर्यंत तोंडात मिठाची गुळणी."

"मग करू तरी काय?"

ती खुर्चीकडे न बघता हळू आवाजात बोलू लागली. "तो राखीव गडी होता. सहा वर्षं राखीव. दर शनिवारी बूट घासायचा, संघाबरोबर जायचा, कुणी आजारी पडतंय का म्हणून रेषेबाहेर उभा राहायचा. कुणी पडलं नाही. बत्तीसच्या जानेवारीत गारांच्या पावसात दोन तास तसाच उभा होता. आठवड्यात न्यूमोनियानं गेला. पहिल्या संघाच्या यादीत त्याचं नाव एकदाही लागलं नाही. नाव लावा त्याचं."

खुर्चीवरचा कागद कुरकुरला, कुणी पुढं सरकून ऐकावं तसा.

आता खरी पंचाईत होती. उत्तरेकडच्या या रग्बीत, म्हणजे लीग प्रकारात, माणसं तेरा. एकदा उतरले की उतरले, त्या काळी बदली गडी नसायचा. ईनॉकचं नाव लावायचं तर जिवंत माणूस कमी करायचा. विल्फनं दीडदोन महिने टाळलं. जिवंत तेराच्या तेरा घेऊन तो एक जिंकत, दोन हरत खालून पाचव्यावर रखडला. शेवटी ईस्टरचा शनिवार उजाडला. जिंकलं तर खालून सहावा, हरलं तर मासे. सकाळी त्यानं पेन्सिल ओली केली आणि डाव्या विंगसमोर, म्हणजे डाव्या कडेनं धावणाऱ्या गड्याच्या जागी, लिहिलं, 'ई. लम'. मग यादी क्लिफच्या हातात दिली.

"म्हणजे आम्ही बारा?" क्लिफनं विचारलं.

"तेरा, क्लिफ," विल्फ म्हणाला.

आपलं नाव वस्तादाच्या तोंडून ऐकून क्लिफला यादीपेक्षा जास्त धक्का बसला.

ज्याचं नाव कापलं गेलं तो विंगचा गडी कोट घालून प्रेक्षकांत जाऊन बसला. त्याला उलट हायसं वाटलेलं दिसलं. तीन वाजता दोन्ही संघ उतरले. पंच बाहेरगावचा होता. त्यानं रिवाजाप्रमाणे बोटानं माणसं मोजली. स्केलबेकची मोजताना डावीकडे तो जरा थबकला, कॉलर वर केली, आणि म्हणाला, "तेरा. चला."

विल्फचा जीव भांड्यात पडला. तो पाच मिनिटंच तिथं राहिला.

कारण ईनॉक भयंकर वाईट खेळत होता. चेंडू डावीकडे फेकला की हवेत क्षणभर अडायचा आणि निसटून चिखलात. समोरचे गडी आता त्या अंगानं बिनधास्त जात होते, त्यांचे पाय जड होईनात की कुणी मागं वळून बघेना. प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. सहा वर्षं त्याचं नाव का लागलं नव्हतं, ते त्यांना आत्ता आठवलं.

मध्यंतराला स्केलबेक दहा-शून्य मागं होतं. खोलीत सगळे बसले. बाकाच्या टोकाला, शेवटच्या खुंटीखाली, तो होता. खांदे पडलेले, चेहऱ्याच्या जागी नुसता चिखल, आणि त्या चिखलातून कुणीतरी विल्फकडे वर बघत होतं. विल्फच्या जिभेवर सासूपासून आजेसासूपर्यंत सगळं आलं. ईस्टर, घर, पडदे, उकळतं तेल, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

त्यानं सेथच्या हातातून चहाचा मग घेतला, टोकाला गेला आणि तो पुढं केला.

"चहा घे, ईनॉक. पहिला सामना आहे. होतं असं."

चहाचा मग विल्फच्या हातातून गेला. कुणी ओढला नाही, फक्त वजन कमी झालं. मग विल्फ बाकावर, त्या गारव्याच्या शेजारी बसला, आणि इतरांना काहीच बोलला नाही.

बोलायची गरज उरली नव्हती. आपल्यातला एक नवखा गडी बुजलाय, त्याला सांभाळून घ्यायचं, हे खाणीत काम करणाऱ्या माणसांना शिकवावं लागत नाही. ते बारा जण दुसऱ्या अर्ध्यात असे खेळले की क्लिफनं एकट्यानं डावी बाजू आणि मधली बाजू धरली. ईनॉकनं आणखी चार वेळा चेंडू सोडला आणि चारही वेळा कुणीतरी त्याच्या मागं होतंच. स्केलबेक अकरा-दहानं जिंकलं. संध्याकाळी हौदातलं पाणी एकदम गार पडलं, तसा सगळ्यांनी जल्लोष केला.

क्लॅरिस बहिणीबरोबर सिनेमा बघून फाटकाशी आली होती. विल्फ तिच्याकडे धावला.

"बाई, तो इतका कच्चा आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की. यादीत नाव नसलं की वाघ. नाव लागलं की पोटात गोळा." तिनं हातमोजे चढवले. "पण माझी शनिवारची दुपार पणाला लागली होती, एंटविसल. तुमचं घर तुम्ही बघा."

सोमवारी ब्रॅमलींनी विल्फचा करार वाढवला. हात सुऱ्यासारखा हलवून म्हणाले, "फक्त एक. त्या लमला पुन्हा संघात घ्यायचं नाही. कळवा त्याला."

"तुम्ही कळवा," विल्फ म्हणाला.

ब्रॅमलींनी दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या दाराकडे एकवार पाहिलं आणि विषय बदलला.

दर गुरुवारी विल्फ यादी लिहायला बसायचा. बारा नावं लिहायचा, जी आता त्याला बायकामुलांसकट पाठ झाली होती. मग डाव्या विंगपाशी पेन्सिल थांबायची. या वेळी वगळूच, असं तो दर वेळी ठरवायचा. मानेला गार वारा लागायचा, आणि तो नाव लिहून टाकायचा. स्केलबेक बारा माणसांनी नऊ हंगाम खेळलं आणि दर वर्षी खालून सहाव्या नंबरावर राहिलं. वर गेलं नाही, खालीही गेलं नाही. ऑलिव्हचे पडदे दोनदा बदलून झाले. ईनॉकचा खेळ तेवढा नऊ वर्षांत सुधारला नाही, आणि ते त्याला सांगायची हिंमत ना वस्तादाला झाली, ना अध्यक्षांना, ना गावातल्या कुणाला.

त्याला संघाबाहेर काढलं ते शेवटी क्लॅरिसनं, एक शब्द न बोलता. ती ५ मार्च १९६६ रोजी, शनिवारी, दुपारी सव्वातीन वाजता वारली. सामना सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती; डाव्या अंगाचा गारवा तसाच पुलाकडे निघून गेला, तो परत आला नाही.